बॅटरीची शिंगं

चंद्रभागाबाईंचं नाव निघालं की पालीच्या बाजूला लोकांना आता एकच गोष्ट आठवते: बॅटरीला हळदीकुंकू लावणारी बाई. चहाच्या हॉटेलात हा किस्सा तिखटमीठ लावून सांगतात आणि हसतात. मी तिथं असलो तर कप तोंडाला लावतो. किस्सा खरा आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो, आणि राहिलेला अर्धा माझ्याजवळ आहे.

मी अजिनाथ, इलेक्ट्रिकचा मिस्तरी. बीडला माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, तिच्यात जळक्या मोटारी, स्टार्टर आणि मी. स्वभावानं तिरसट आहे असं बायको म्हणते, गिऱ्हाइकंही म्हणतात, त्यामुळं खरं असावं. एकच प्रश्न कुणी दुसऱ्यांदा विचारला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

चंद्रभागाबाईंनी सव्वीस वर्षं ऊस तोडला. लग्न झालं त्याच दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याबरोबर, गहिनीनाथबरोबर, त्या टोळीच्या मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला गेल्या आणि मग दरवर्षी जातच राहिल्या. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीत चढवायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम नेत नाही. सव्वीस दिवाळ्या बाईंनी फडात काढल्या. घराच्या दाराला दिवाळीत कुलूप असायचं.

तीन वर्षांपूर्वी गहिनीनाथच्या छातीनं दगा दिला. जळक्या उसाची काजळी आणि पाचटाची धूळ इतकी वर्षं आत गेलेली. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तो पंधरा दिवस पडून होता. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, पुन्हा धुळीत गेला तर पुढच्या वेळी इथपर्यंत पोचणारही नाही. मग बाईंनी गावातच काम शोधलं आणि विजयसिंहदादांच्या चॉकी सेंटरवर त्यांना ते मिळालं.

चॉकी म्हणजे रेशमाच्या अळ्यांचं बाळपण. अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी. पहिल्या आठ-दहा दिवसांत तिला ऊब हवी, ओल हवी, कोवळा पाला हवा, आणि सगळं मोजून हवं. शेतकऱ्याच्या शेडात हे जमत नाही, म्हणून सगळ्यांच्या अळ्या एका ठिकाणी वाढवतात. दोनदा कात टाकून झाली की ट्रे वाटतात. दादांचं सेंटर पालीच्या पुढं, बिंदुसरा नदीच्या अंगाला आहे. एका खेपेला चाळीस घरांच्या अळ्या तिथं वाढतात. दादा म्हणजे जमीनजुमला असलेलं, राजकारणातलं घर. ते आठवड्यातून एकदा येत, सगळ्यांकडं बघून मान हलवत आणि जात. खरं सेंटर चंद्रभागाबाईच चालवत होत्या.

कोयत्याचे घट्टे पडलेल्या त्या बोटांत कोंबडीचं पीस धरून त्या अळ्या अशा उचलत की एकीलाही धक्का लागायचा नाही. तुतीचा पाला मेथीसारखा बारीक चिरत. शेडात पाऊल टाकून एक श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, ओल कमी पडली. मी मीटर बघायचो, तर खरंच कमी असायची. मला याचा थोडा रागही यायचा, कारण ते मीटर मी बसवलं होतं.

दोन वर्षांत त्यांनी दोन दिवाळ्या घरी केल्या. गहिनीनाथ ओट्यावर बसून आकाशकंदिलाला वाकडातिकडा कागद चिकटवायचा आणि बाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो कंदील दाखवायच्या. एवढं एकच सुख त्या बाईनं मागितलं होतं, आणि ते या शेडावर टांगलेलं होतं.

आता माझ्या कामाचं सांगतो. शेडात कूलर, हीटर, धुकं सोडणारा फॉगर आणि बाहेर डिझेलचं जनरेटर, अशी सगळी दांडगी यंत्रं. पण त्यांना कधी उठायचं आणि कधी बसायचं हे सांगणारं सर्किट बारा व्होल्टचं, जेवणाच्या डब्यात मावेल एवढं. गरम झालं की ते कूलर लावतं, गार झालं की हीटर. लाइट गेली की जनरेटर चालू करतं. मात्र लाइट गेल्यावर या सर्किटचंही पोट रिकामं होतं, म्हणून त्याच्या शेजारी एक बॅटरी ठेवायची. लाइट असताना चार्जर सर्किटलाही भागवतो आणि बॅटरीही भरतो. लाइट गेली की बॅटरी सर्किटला धरून ठेवते, तेवढ्यात सर्किट जनरेटर उठवतं. त्या बॅटरीनं हात वर केले तर बाहेर लाखाचं जनरेटर असलं काय नि नसलं काय.

जनरेटरला हातानं चालू करायची चावी होती. ती दादांच्या खिशात असायची. आधीच्या कामगारांनी मोबाइल चार्ज करायला आणि मॅच बघायला डिझेल जाळलं होतं, तेव्हापासून चावीच्या बाबतीत दादांचा कुणावरच विश्वास नव्हता. सर्किट आपोआप चालू करतं म्हटल्यावर चावी लागते कुणाला.

मी हे सगळं बसवत होतो त्या दिवशी बाई माझ्या मागं उभ्या होत्या आणि विचारत होत्या. लाइट गेली की काय, बॅटरी गेली की काय, ती गेलेली कळणार कसं. मला बीडला परत जायची घाई. बॅटरीच्या दोन टोकांना वायरी नट-बोल्टनं आवळायच्या असतात, पण तेवढे बोल्ट जवळ नव्हते, म्हणून मी चिमटे लावून मोकळा झालो. पुढच्या चकरेला बोल्ट लावू म्हटलं. ती पुढची चक्कर कधी झाली नाही. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी पाना खाली ठेवला.

"मावशी," मी म्हणालो, "या चाळीस घरांचा जीव ह्या बॅटरीत हाय. बाकी काही कळलं न्हाई तरी चालंल. हिला देवासारखं जपा, बस."

मला त्यांचं तोंड बंद करायचं होतं. त्या मात्र एकदम गंभीर झाल्या आणि त्यांनी बॅटरीकडं बघून मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्या पॅनलच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जायला लागल्या. मला हे कळलं तेव्हा मी दुकानात बसून हसलो होतो.

मागच्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्यावर पोट आहे ते सगळं धुऊन, पुसून पाटावर मांडतात. कुणाचा विळा, कुणाचा ट्रॅक्टर. मीसुद्धा पाने-पक्कडी मांडतो. चंद्रभागाबाई सव्वीस वर्षं कोयता पूजत आलेल्या. कोयता आता माळ्यावर होता आणि पोट बॅटरीवर. त्यांनी अंघोळ केली, पॅनलच्या खोलीत गेल्या, दोन्ही चिमटे काढले, बॅटरी ओल्या फडक्यानं पुसली आणि पाटावर ठेवली. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतात तसं त्या दोन टोकांना तेलात कालवलेलं हळदीकुंकू जाड लावलं. शिंगंच म्हणायच्या त्या त्यांना. फूल वाहिलं, नारळ फोडला. मग लाल चिमटा लाल खुणेला, काळा काळ्याला, काही न चुकता परत लावला. हळदीकुंकू पुसणं शक्यच नव्हतं. पूजेचं कुंकू कुणी त्याच दिवशी पुसतं का?

लाइट चालू होती. चार्जर सर्किटला भागवत होता, दिवा लाल दिसत होता, सगळं ठीक होतं. चिमटा आणि शिंग यांच्यामध्ये वाळलेल्या तेलकट कुंकवाचा थर बसलाय आणि बॅटरी नुसती शोभेला उरलीय, हे कुणाला कळणार. एरवी दिवसातून दोनदा जाणारी आमची लाइट सणाच्या त्या दिवसांत एकदाही गेली नाही. ती गेली सहाव्या दिवशी, कोजागरीला, सकाळी पावणेबाराला.

ऑक्टोबरचं ऊन होतं. शेडात सत्तावीस डिग्री होते आणि अळ्या दुसऱ्यांदा कात टाकायला बसल्या होत्या. कातीला बसलेली अळी डोकं वर करून दगडासारखी राहते. तिला हलवायचं नाही, पाला द्यायचा नाही, ओल लागू द्यायची नाही, म्हणून वरून चुन्याची भुकटी धुरळतात. त्या एका दिवसात तिला घेऊन कुठं पळताही येत नाही.

लाइट गेली, कूलर थांबला आणि बाई जनरेटरच्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या. आवाज आला नाही. पॅनलवरचा दिवा विझलेला होता. त्यांनी दादांना फोन लावला. दादा आष्टीला एका सभेत होते, फोन बंद. मग मला लावला. मी एका बंगल्यात एसी बसवत होतो, मालक समोर उभा. मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. बाईंचं काहीतरी विचारायचं राहिलं असेल म्हटलं. सात वेळा कापला. नंतर मोबाइलमध्ये बघितले, सातच होते.

साडेबाराला शेडात एकतीस झाले. बाईंनी खिडक्या उघडल्या, तर बाहेरून झळ आत यायला लागली. आत पाणी मारावं तर कातीतल्या अळीला ओल बाधते, न मारावं तर त्या भाजतात. मग त्यांनी ठरवलं की आत थेंब न्यायचा नाही, वरच्या पत्र्यावर ओतायचं. घराकडं निरोप धाडून नवऱ्याला बोलावलं. हातपंप शेडापासून दोनशे पावलांवर. गहिनीनाथ हापसायचा, बाई घागर डोक्यावर घेऊन शिडी चढायच्या आणि तापल्या पत्र्यावर ओतायच्या. पाणी पत्र्यावर चर्र करून उडून जायचं. तळव्यांना फोड आले तेव्हा त्यांनी पायांना फडकी गुंडाळली. दर दोन-तीन घागरींनंतर खाली उतरून सेलवर चालणारं ते मीटर बघायचं. तेहतीस. चौतीस.

दीडच्या सुमाराला हातपंपाचा आवाज थांबला. बाईंनी वरून बघितलं, तर गहिनीनाथ दांड्याला धरून गुडघ्यांवर बसला होता आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. त्या शिडीवरून उतरल्या. एकीकडं नवरा, दुसरीकडं शेड. त्यांनी त्याला ओढत लिंबाखाली नेलं, तोंडात दम्याच्या पंपाचा फवारा मारला, पाठ चोळली. तो हातानं खुणावत होता, तू जा. त्या गेल्या. स्वतःच हापसायला लागल्या आणि स्वतःच चढायला लागल्या. मला नंतर म्हणाल्या की त्या वेळी त्या मोठमोठ्यानं रडत होत्या आणि रडताना घागर सांडतेय म्हणून स्वतःलाच शिव्या देत होत्या.

सव्वादोनला मी फोन उचलला. पहिल्यांदा काही शब्द कळले नाहीत. मग कळलं, सदतीस. मोटारसायकल मी त्या रस्त्यावर तशी कधी चालवली नव्हती. पावणेतीनला पोचलो. पॅनलच्या खोलीत शिरलो, चिमटा काढला आणि माझ्या बोटाला कुंकू लागलं. खिशातल्या रुमालानं दोन्ही शिंगं पुसली, चाकूनं खरवडली, चिमटे दाबून लावले. दिवा लागला. दहा सेकंदांत जनरेटर उठलं आणि कूलर फिरायला लागला. तीन तासांच्या त्या नरकाला माझं काम लागलं पाच मिनिटांचं.

बाई दारात उभ्या होत्या. लुगडं ओलं, पाय फडक्यात. माझ्या हातातला लाल झालेला रुमाल त्यांनी बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मला काही सांगावं लागलं नाही.

"माज्याच हातानं," एवढंच म्हणाल्या.

मी म्हणायला हवं होतं की मावशी, देवासारखं जपा असं मीच म्हणालो होतो. बोल्ट लावले असते तर तुम्हाला ते काढता आले नसते. सात फोन मी कापले. त्याऐवजी मी म्हणालो, असू द्या, होतं असं.

संध्याकाळी ऊन उतरताना दादा आले. ट्रेंवरून नजर फिरवली. अळ्या मेल्या नव्हत्या, थोड्या काळवंडल्या होत्या, बाकीच्या दिसायला चांगल्या होत्या. दादा खूश झाले. पण बाई म्हणाल्या, हे असंच दिसतं. पहिल्या वर्षी एक खेप अशीच तापली होती. कातीत उष्णता खाल्लेली अळी उठते, पाला खाते, वाढते आणि कोष करायच्या वेळी तिचं अंग फुगतं, पिवळं पाणी सुटतं. तोवर शेतकऱ्यानं वीस दिवस राबून सगळी तुती तिला चारलेली असते. त्यांनी हात जोडून सांगितलं की ही खेप वाटू नका.

दादा ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाईंना खुर्चीवर बसवलं आणि समजावलं की शेतकऱ्याच्या शेडात हजार भानगडी होतात, वीस दिवसांनी कोण आपल्याकडं बोट दाखवणार. सेंटरचं नाव एकदा गेलं की ते बंद. मग आवाज खाली करून म्हणाले, "तुमचं काम कुठं जात न्हाई, मावशी. गहिनीनाथला परत फडात न्यायचंय का तुम्हाला?"

गहिनीनाथ बाहेर लिंबाखाली पडला होता. त्याच्या श्वासाची शिट्टी आत ऐकू येत होती. दादांनी माझ्याकडं बघितलं. मी पॅनलचं दार लावण्यात गुंतलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटप होतं. मला दादांनीच बोलावलं होतं, सगळं यंत्र नीट चालू आहे हे लोकांना दिसावं म्हणून. टेम्पो, जीपगाड्या, मोटारसायकली लागल्या होत्या. चाळीस घरांची माणसं, बऱ्याच जणी बायका. त्यातल्या निम्म्या पूर्वी बाईंबरोबर फडात राबलेल्या आणि बाईंचं बघूनच रेशमाकडं वळलेल्या. वाटपाची एक पद्धत बाईंनीच पाडली होती. पहिला ट्रे देताना त्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावायचं, लेक सासरी धाडतात तसं, आणि मग घेणाऱ्याच्या हातात द्यायचा.

त्या दिवशी पहिला नंबर बद्रीनाथचा होता. पालीचाच, तोंडानं फटकळ माणूस. त्यानं हात पुढं केले. बाईंच्या एका हातात ट्रे, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा. त्यांनी करंडा उघडला, बघितला आणि झाकण परत लावलं. ट्रे मांडणीवर ठेवला.

"ह्या अळ्या कुनी नेऊ नका," त्या म्हणाल्या. "कातीत तापल्यात. तुमचा समदा पाला खातील आन् कोश करनार न्हाईत. माज्या हातानं झालंय."

दादा पुढं झाले, पण बाई थांबल्या नाहीत. त्यांनी बॅटरीचं सांगितलं, हळदीकुंकवाचं सांगितलं, सगळं, स्वतःला कुठंही न वाचवता. दादांच्या खिशातली चावी मात्र त्यांनी सांगितली नाही. आधी मागून कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं आणि आरडाओरडा सुरू झाला. घरी तुती तयार उभी होती, दुसरी खेप मिळायला महिना जाणार होता, सणासुदीचे दिवस होते. त्यांचा राग मला कळत होता. बद्रीनाथचा आवाज सगळ्यांवर चढला.

"अगं बाई, बॅटरीला कुनी पूजतंय का? कुनी सांगितलं तुला हे?"

मी पॅनलला टेकून उभा होतो. बाईंनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही, पण बोलायला पुरेल एवढा वेळ होता. समोर चाळीस गिऱ्हाइकं होती. प्रत्येकाच्या शेतात मोटार होती आणि ती जळली की ते माझ्याकडं येणार होते. मी डोळे खाली घातले.

"कुनी न्हाई," बाई म्हणाल्या. "माज्याच मनाचं."

दुपारपर्यंत खड्डा खणून, चुना टाकून सगळ्या अळ्या पुरल्या. बाईंनी स्वतः एकेक ट्रे रिकामा केला, शेवटपर्यंत पिसानं, अळीला धक्का न लावता. बद्रीनाथनं मात्र त्याआधीच हट्टानं दहा ट्रे नेले होते. वीस दिवसांनी त्याच्या अळ्या फुगल्या आणि पिवळं पाणी सुटलं. हे त्यानंच मला सांगितलं. दादांनी बाईंना त्याच संध्याकाळी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. सेंटर मात्र बंद पडलं नाही. बाईंनी खरं सांगितलं म्हणून लोकांचा सेंटरवर विश्वास बसला आणि पुढच्या खेपेला नोंदणी वाढली. तेव्हा माझं काम होतं बॅटरीला बोल्ट लावायचं. ते मी लावले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मुकादमाचा ट्रॅक्टर आला. माळ्यावरून कोयता उतरला. गहिनीनाथनं फक्त मोळ्या बांधायच्या, तोडायचं आणि चढवायचं काम बाई करणार, अशा बोलीवर तो पूर्ण कोयता धरला गेला. मी त्यांना निरोप द्यायला गेलो नाही. दुकानात बसून होतो आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की मान खाली घालत होतो.

पौषात एका दुपारी फोन आला. पहिल्या रिंगला उचलला. कराडच्या बाजूला फडावर होत्या. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं.

"मिस्तरी, ह्यांना वाफ घ्यायचं मशीन दिलंय दवाखान्यानं. ते लाइटीवर चालतंय आन् कोपीत लाइट न्हाई. तसला बॅटरीचा डबा करून देता का?" मग म्हणाल्या, "ह्या टायमाला मी न्हाई त्याला काई लावनार."

मी दुकान बंद केलं. दोन दिवसांत डबा केला. बॅटरी, तिच्यावरून मशीन चालवायला छोटा इन्व्हर्टर आणि चार्जिंगला सोलरची लहान प्लेट. बोल्ट दोनदा आवळले, वर रबराच्या टोप्या बसवल्या. एसटीनं, दोन गाड्या बदलत, मांडीवर डबा घेऊन गेलो. फडाच्या कडेला कोप्यांची रांग होती. पाचटाच्या त्या झोपडीत गहिनीनाथ पोत्याला टेकून बसला होता. तो इतका वाळला होता की मी आधी दुसऱ्याच कोपीत आलो की काय असं वाटलं. ओठ निळसर. मी मशीन जोडलं, वाफ सुरू झाली, बाईंनी मास्क त्याच्या तोंडाला धरला. दहा मिनिटांनी त्याची शिट्टी कमी झाली आणि त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. मला तिथं बसवेना. फडावरचा डॉक्टर म्हणाला होता, याला घरी न्या. पण मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतले की हंगाम संपल्याशिवाय कोयता सुटत नाही, आणि बाई एकट्या तोडून दोघांचं काम भरत होत्या.

बाईंनी विचारलं, लाल दिवा लागला म्हणजे चालू ना. मी म्हणालो, दिव्यावर विश्वास ठेवू नका, रोज एकदा मशीन लावूनच बघा. मग मला राहवलं नाही. तीन महिने छातीत धरून ठेवलेलं मी बोललो, की त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं, देवासारखं जपा हे मीच म्हणालो होतो.

त्या नवऱ्याच्या मास्कची नळी सरळ करत होत्या. वर बघितलं नाही.

"मला काय म्हाईत न्हाई का?" त्या म्हणाल्या. "पन आता मला एकटीला सांगून काय व्हतंय, मिस्तरी? तवा तितं चाळीस घरची मानसं हुबी होती."

मी परत आलो. हंगाम अजून चालू आहे. गहिनीनाथ आहे, एवढं फोनवर कळतं. त्या चाळीस घरांतल्या बऱ्याच जणांचे नंबर माझ्याकडं आहेत, पण एकेकाला फोन लावून हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून काढलं. बॅटरीला देवासारखं जपा, असं चंद्रभागाबाईंना मी सांगितलं होतं. चिमटे मी लावले होते. त्यांचे सात फोन मी कापले होते. आणि कुणी सांगितलं असं बद्रीनाथनं विचारलं, तेव्हा मी तिथंच पॅनलला टेकून उभा होतो.